दोन तास कुणाच्या नावावर?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातून आलेले एक पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव न छापण्याची विनंती केली असल्यामुळे त्यांचा मजकूर थोडक्यात माझ्या शब्दांत देतो. ताईंचे वय ३२. घरी पती, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी; सात एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. रसायनशास्त्राची पदवी आणि बी.एड. झालेल्या या ताई सहा वर्षांपासून एका विनाअनुदानित शाळेत शिकवतात, आणि तेथला तुटपुंजा पगारही दोन-दोन महिने रखडतो. आता बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीची नोकरी चालून आली आहे. पगार अडीचपट, रुजू होण्याची तारीख १ डिसेंबर. कंपनीची बस सकाळी पावणेसातला फाट्यावर येते आणि संध्याकाळी साडेसातला तेथेच सोडते.

अडचण भिंगरीची आहे. भिंगरी ही त्यांची तीन वर्षांची कुत्री, गावरान आईची आणि पश्मी या शिकारी जातीच्या बापाची. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ताईंनी तिला अडथळ्यांची शर्यत, म्हणजे ॲजिलिटी, शिकवली. घरामागच्या खारीत, म्हणजे गावालगतच्या वावरात, बांबू, जुने टायर आणि सुताराकडून करून घेतलेल्या फळ्या मांडून रोज पहाटे पाच ते सात सराव चालतो. मागच्या हिवाळ्यात पुण्याला जाऊन दोघी पहिल्या स्पर्धेत धावल्या. नागमोडी काठ्यांत, म्हणजे ओळीने उभ्या काठ्यांमधून वळत जाताना, एक चूक झाल्याने दंडाचे गुण लागले, पण वेळ उत्तम होती. येत्या जानेवारीत पुन्हा जायचे ठरले आहे. सासूबाईंनी मात्र एक दिवस मजुरांसमोरच सुनावले, "पोट्टीचा डबा राहिला अन् कुत्रीचा खेळ झाला!" पती बोलत नाहीत, पण हल्ली ते भिंगरीला रात्री जागलीला, म्हणजे शेत राखायला, घेऊन जाऊ लागले आहेत. ताई विचारतात: नोकरी धरू, घर धरू की भिंगरीला धरू? तिला रोज दोन तास द्यावेच लागतात, ते आणू कुठून?

ताई, सप्रेम नमस्कार.

"भिंगरीला रोज दोन तास द्यावेच लागतात" हे वाक्य तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आले आहे, आणि तुमची सगळी ओढाताण त्या एका वाक्यावर उभी आहे. म्हणून नोकरी, सासूबाई, जानेवारीची स्पर्धा हे सगळे क्षणभर बाजूला ठेवून मी आधी त्या वाक्याकडेच येतो, कारण वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील जनावरांच्या दवाखान्यांत ३१ वर्षे काढलेल्या माणसाला ते पटण्यासारखे नाही.

हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आला, तोही दोन मोठ्या कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढण्यासाठी. घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून त्याची कल्पना घेतलेली होती. आजही एका फेरीत पंधरा-वीस अडथळे असतात आणि चांगले कुत्रे ते मिनिटभराच्या आत-बाहेर पार करते. अशा खेळात पाया शिकून झालेल्या कुत्र्याला पाच ते दहा मिनिटांचा एक डाव, मग भरपूर विसावा, आणि दिवसातून असे फार तर दोन डाव एवढा सराव पुरतो. पूर्ण उंचीच्या उड्या तर आठवड्यातून दोन-तीन दिवसच द्याव्यात. उडी मारताना जेवढा ताण येत नाही तेवढा उतरताना येतो, कारण सगळे वजन पुढच्या दोन पायांवर आदळते, आणि खांदा, मनगट, बोटांचे सांधे तेथेच झिजतात. बैल थकला की जुवाखाली मान टाकतो आणि पुढे पाऊल टाकायला नकार देतो. कुत्रे तसे करत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा खुललेला आहे तोवर ते लंगडत असले तरी उडी मारते. तेव्हा रोजचे दोन तास ही भिंगरीची गरज तर नाहीच, उलट ते असेच चालू राहिले तर दोन-तीन वर्षांत तिला इजा होण्याची भीती आहे.

मग दोन तास कुणाला लागतात? तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर, पतीविषयी लिहिता लिहिता मध्येच, तुम्ही एक ओळ लिहून गेला आहात: "पाच ते सात मला कोणी आवाज देत नाही." ताई, उत्तर तेथे आहे. घरातल्या इतर बावीस तासांत तुम्ही कुणाची तरी सून, आई, बाई किंवा मॅडम आहात, आणि त्या दोन तासांत तुम्ही एक जमलेले काम करणाऱ्या, त्यात तरबेज होत चाललेल्या व्यक्ती आहात. ही गरज खरी आहे आणि तिची लाज वाटण्याचे काही कारण नाही. फक्त ती भिंगरीच्या गळ्यात बांधू नका.

हे मी पुस्तकी सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मला शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, विलक्षण वेड होते. तळेगाव दशासरचा पट असो की आसपासच्या गावांतला एखादा लहान पट, मी घरी "बैल तपासायला जावे लागते, ड्यूटी आहे" असे सांगून निघत असे. तपासणीचे काम दोन तासांचे, आणि मी मात्र दिवेलागणीपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभा. घरी दोन लहान मुले, आजारी वडील आणि नळाला एक दिवसाआड येणारे पाणी. एका संध्याकाळी मी धुळीने माखून परतलो आणि नेहमीची कहाणी सुरू केली, तेव्हा बायको भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, "बैलाच्या नावावर कायले सांगता? तुमच्या नावावर सांगा. मी नाही म्हणते काय?" त्यानंतर मी वर्षातून तीन पट ठरवले, तारखा आधी सांगितल्या, आणि त्या दिवशी पाण्याची सोय करून निघू लागलो. तीनच पट, पण ते मनात खोट न ठेवता पाहिले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा घरात माझ्यापेक्षा तिलाच अधिक वाईट वाटले होते, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा दुरुस्ती कायदा ग्राह्य धरला ती बातमीही मला तिनेच वाचून दाखवली.

तुमच्या घरी हा फरक अधिकच पडेल. कुत्रीच्या नावाने वेळ मागितला की सासूबाईंचे उत्तर सरळ असते: कुत्र्याला भाकर टाकावी, पाणी ठेवावे, बाकी ते आपले आपण राहते. गावात हजारो कुत्री अशीच जगतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे उत्तर बरोबरच आहे. "आई, आठवड्यातून एकदा दोन-अडीच तास मला माझ्यासाठी हवे आहेत, त्यात मी भिंगरीला पळवते आणि मला बरे वाटते," असे म्हटल्यावर त्यांना दुसरे उत्तर शोधावे लागेल. कदाचित त्या हसतील. कदाचित "आमच्या वेळी असं काही नव्हतं" म्हणतील, आणि तेही खरेच आहे. पण नकार द्यायचा झाला तर तो कुत्रीला नव्हे, सुनेला द्यावा लागेल, आणि तुमच्या पत्रातून मला दिसलेल्या सासूबाई तेवढ्या कठोर नाहीत; नातीच्या डब्यासाठी चिडणारी बाई सुनेच्या सुखाची वैरीण असेलच असे नाही.

शिवाय त्यांच्या रागाचा महिना पाहा. तुम्ही तारीख लिहिलेली नाही, पण मजुरांसमोर बोलल्या म्हणजे ते वेचणीचे दिवस असणार. दिवाळीनंतर घरी काय स्थिती असते ते मी तुम्हाला काय सांगावे! बाया गोळा करण्यासाठी आदल्या रात्री घरोघर फिरावे लागते, सकाळी त्या आठला वावरात पोहोचल्या पाहिजेत, दव उतरायच्या आत वेचलेला कापूस ओला म्हणून व्यापारी काटतो, संध्याकाळी किलोवर वजन करून हिशेब चुकता करायचा, आणि यातले एक माणूस पहाटे पाच ते सात खारीत शिटी वाजवत असते. त्या एका गोष्टीत त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. वेचणीच्या दीड-दोन महिन्यांत सकाळचा सराव बंद ठेवते असे तुम्ही आपणहून सांगितले, तर पुढचे बोलणे निम्मे सोपे होईल.

आता नोकरी. माझे मत विचाराल तर ती घ्या. रखडणारा पगार हा घरातल्या किती भांडणांचा बाप असतो हे मी माझ्याच नात्यागोत्यात पाहिले आहे, आणि कोरडवाहू सात एकरांच्या घरात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पडणाऱ्या रकमेची किंमत तिच्या आकड्यापेक्षा मोठी असते. मात्र नेमणुकीचे पत्र हातात आल्याशिवाय शाळेचा राजीनामा देऊ नका, आणि त्या पत्रात चार गोष्टी नीट वाचा. काम फक्त दिवसपाळीचे आहे की पाळ्या फिरत्या आहेत? साप्ताहिक सुटी रविवारची आहे की बदलती? परिवीक्षेचा काळ किती महिन्यांचा आणि त्यात रजा मिळतात का? आणि सांगितलेला पगार हा हातात येणारा आहे की भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा वगैरे कापण्याच्या आधीचा? नुसता निधीच मूळ वेतनाच्या १२ टक्के कापला जातो, तेव्हा "अडीचपट" हा हिशेब हातातल्या पैशांवर पुन्हा करून पाहा. पाळ्या फिरत्या असतील तर मात्र माझे मत बदलेल. सहा वर्षांची मुलगी, तेरा तास घराबाहेर आणि त्यात दर आठवड्याला उलटीपालटी होणारी झोप हे कोणत्याही घराला झेपत नाही, मग कुत्री असो की नसो. शाळेची मुले सत्राच्या मध्येच सोडून जाण्याची रुखरुख तुम्ही लिहिली आहे. ती चांगल्या शिक्षिकेची खूण आहे, पण दोन महिन्यांचा पगार थकवणाऱ्या संस्थेसाठी तिने स्वतःला अडवून धरू नये. सुरू असलेला धडा पूर्ण करा, वह्या तपासून द्या आणि निघा.

पत्रात एक व्यक्ती सतत हजर आहे आणि तिला काहीच विचारलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. तुम्ही सकाळी साडेसहाला निघून रात्री आठला घरी पोहोचणार म्हणजे मुलीला शाळेतून आल्यावर खाऊ घालणे, भिंगरीला दुपारी पाणी ठेवणे, ती माजावर आली तर तीनेक आठवडे गावातली कुत्री अंगणाबाहेर ठेवणे, हे सारे सासूबाईंच्या अंगावर पडणार आहे. पगार तुमचा वाढेल आणि काम त्यांचे. हे त्यांच्याशी १ डिसेंबरच्या आधी, पतीला शेजारी बसवून, मोकळेपणाने बोला, आणि नव्या पगारातून भांडी-धुण्याला बाई लावण्याचा खर्च पहिल्याच महिन्यापासून धरा. भिंगरीची पिल्ले घ्यायची नसतील तर तिची नसबंदी करून टाका. तालुक्याच्या दवाखान्यात विचारणा केली तर सोय कळेल, आणि शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती तुमच्या कामाच्या पहिल्या धावपळीच्या दिवसांतच उरकून जाईल.

राहिला सराव. येथे तुमचे वेळापत्रक माणसे ठरवणार नाहीत, सूर्य ठरवणार आहे. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जानेवारीत तो पावणेसातनंतर उगवतो. म्हणजे तुम्ही बसमध्ये चढता तेव्हा जेमतेम उजाडत असते आणि उतरता तेव्हा अंधार. सोमवार ते शनिवार खारीत पाऊल ठेवता येणार नाही, आणि ठेवूही नये. तुमचा तालुका बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, बिबट्याला कुत्र्यासारखे सोपे सावज नाही, आणि अंधारात एकट्या बाईने गावाबाहेर थांबावे असे ते ठिकाणच नव्हे. आजवर तुम्ही पाचला जात होता हे वाचूनच मी दचकलो.

तेव्हा आठवडाभर अंगणातल्या दिव्याखाली रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटे, घड्याळ लावून. उडी नाही, धाव नाही. एक फूट रुंदीची फळी जमिनीवर टाका, तिच्या शेवटच्या हातभर भागाला पिवळा रंग द्या, आणि भिंगरीने त्या रंगावर पुढचे पाय जमिनीला व मागचे फळीवर अशा अवस्थेत थांबायचे, एवढेच शिकवा. चढ-उताराच्या अडथळ्यांवर कुत्र्याचा निदान एक पंजा त्या रंगीत भागाला लागला नाही तर पाच गुणांचा दंड बसतो, आणि वेगवान कुत्री नेमकी तेथेच वरून झेप घेतात. दुसरे काम नागमोडी काठ्यांचे. स्पर्धेत त्या १२ असतात, ६० सेंटिमीटर अंतरावर, पण मागच्या वर्षी तुमची चूक झाली ती ओळीत शिरताना झाली असावी असे तुमच्या वर्णनावरून वाटते. पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला राहिली पाहिजे. त्यासाठी बाराची गरज नाही. अंगणात दोनच काठ्या उभ्या करा आणि भिंगरीला कधी समोरून, कधी तिरकस, कधी जवळजवळ मागून पाठवत, प्रत्येक वेळी तिने स्वतःहून डाव्या खांद्याची बाजू शोधावी असे करा. बरोबर शिरली की गुळाच्या खड्याऐवजी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. चुकली तर काहीच बोलू नका, पुन्हा पाठवा. चुकीला रागावलेले कुत्रे पुढच्या वेळी काठीकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघते, आणि वेग तेथेच मरतो. या दहा मिनिटांनी होणारी प्रगती तुमच्या आजवरच्या दोन तासांपेक्षा कमी असणार नाही, याची मी हमी देतो. निवृत्त डॉक्टरची हमी आहे, तेव्हा फी परत मिळणार नाही.

रविवारची सकाळ, उजाडल्यानंतर नऊपर्यंत, ती तुमची. त्यात अर्धा तास भिंगरीचा सराव होईल आणि उरलेल्या वेळात तुम्ही धुऱ्यावर बसून चहा प्यायलात तरी कुणाला हिशेब देण्याचे कारण नाही. मुलीला सोबत घेऊन "फॅमिली टाइम" साधावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तिला आवडत असेल तर येऊ द्या, घड्याळ धरू द्या, पडलेला बांबू उचलू द्या. पण ती आली नाही तर तिला ओढू नका, आणि ती रोजच येऊ लागली तर एखाद्या रविवारी "आज मी एकटी जाते" म्हणायलाही कचरू नका. तिच्यासाठी वेळ वेगळा हवा. रात्री आठ ते साडेनऊ तो सुदैवाने आहे, फक्त त्यात मोबाइलवरचे कुत्र्यांचे व्हिडिओ नकोत.

जानेवारीची स्पर्धा या वर्षी सोडा. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण हिशेब करा. नोकरीचा दुसरा महिना, रजा शिल्लक नाही, घरी वेचणीचा शेवट आणि तुरीच्या सोंगणीची सुरुवात. पुणे म्हणजे रेल्वेने बारा-चौदा तास. कुत्रे न्यायचे तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा स्वतंत्र कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातील पेटी, आणि त्या लोखंडी पेटीत थंडीच्या रात्री पोहोचलेली भिंगरी सकाळी काय धावणार? स्लीपरमध्ये किंवा थ्री टायरमध्ये तिला नेता येत नाही. गाडी भाड्याने केली तर पहिल्या पगारातले बरेच तिथेच जाईल. भिंगरी तीन वर्षांची आहे. पाय शाबूत ठेवले तर पुढची चार-पाच वर्षे तिच्या ऐन जोमाची आहेत, त्यातला एक हिवाळा गेल्याने तिचे काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी दिवाळीत तारखा जाहीर झाल्या की रजेचा अर्ज आधी, प्रवेश शुल्क नंतर, आणि संकरित कुत्र्याला कोणत्या गटात प्रवेश आहे हे आयोजकांकडून लेखी विचारून घ्या.

मधला उन्हाळा मात्र जपावा लागेल. मार्चअखेरपासून रविवारचा सराव आठच्या आत संपवा आणि एप्रिल-मेमध्ये तो बंदच ठेवा. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढते. तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्या जमिनीवर तिला पळवू नये. लाळ घट्ट होऊन ओघळू लागली, हिरड्या गडद लाल दिसल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि त्याच ओल्या अंगाने दवाखाना गाठावा. ताप १०६ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यावर घरगुती उपायांची वाट पाहायला वेळ नसतो. उन्हाळ्यातच काळ्या मातीला हातभर खोल भेगा पडतात. त्या भेगेत धावत्या कुत्र्याचा पाय अडकून मोडलेला मी दोनदा पाहिला आहे, म्हणून खारीतला सरावाचा पट्टा पहिल्या पावसानंतर वखरून, दाबून, सपाट करून घ्या. आषाढ-श्रावणात मात्र तीच माती पंजाला गोळ्यांनी चिकटते, तेव्हा पुन्हा अंगणच बरे.

पतीविषयी तुम्ही फक्त दोन ओळी लिहिल्या आहेत, आणि मला त्या सगळ्यात बोलक्या वाटल्या. रानडुकरांचा उपद्रव खरा आहे, जागल करावीच लागते, आणि सोबत कुत्रे असले तर माणसाला धीर येतो. पण सुळे असलेल्या डुकराने एकदा मांडी फाडली की भिंगरीचा खेळ तेथेच संपला, आणि रात्रभर जागलेले कुत्रे सकाळी शिकत नाही. हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. न बोलणारा माणूस कधीकधी असेच बोलतो: घरात त्या कुत्रीचा काहीतरी उपयोग दिसावा, किंवा तिच्यावर आपलाही थोडा हक्क असावा. त्यांना सरळ विचारा. जागलीसाठी एखादे दुसरे गावरान पिल्लू आणून ते त्यांनी तयार करावे, असे सुचवून पाहा. वर्षभरात ते कामाला येईल. आणि सरावाचा पट्टा वखरून देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा. बैल त्यांचे, वखर त्यांचे, ते काम तुमच्यापेक्षा त्यांना चांगले जमेल.

शेवटी एक तातडीची गोष्ट, पत्रासोबतच्या फोटोबद्दल. उडीचा आडवा बांबू तुम्ही दोन्ही बाजूंना विटांच्या रांगेत घट्ट अडकवलेला दिसतो. तो आजच काढा. आडवी काठी कुत्र्याचा पाय लागताच खाली पडली पाहिजे. न पडणाऱ्या काठीवर पाय अडकून कुत्रे डोक्यावर आपटते. नळाच्या कामाचे अर्ध्या इंचाचे हलके प्लास्टिकचे पाईप घ्या आणि ते उभ्या खांबांवर ठोकलेल्या आडव्या खिळ्यांवर नुसते टेकवून ठेवा. खिळ्यांची डोकी मात्र कापून घासून घ्या.